आठची कडी

उशिरा आला म्हणून तुम्ही कधी कोणाच्या तोंडावर दार लावलंय का? खरं सांगा, इथे कोणी पंचनामा करायला बसलेलं नाही. ऑफिसात साहेब होऊन लावलं असेल, नाहीतर रेशनच्या दुकानात ‘टाइम हो गया’ म्हणत शटर अर्ध्यावर ओढलं असेल. आणि लावताना आतून बरंही वाटलं असेल, की बघा, मी किती शिस्तीचा माणूस.

लवू शिगवणनं असं दार बावीस वर्षं लावलं.

संगमेश्वर तालुक्यातून एकोणिसाव्या वर्षी भाईंदरला आलेला हा गडी. तेव्हा मिठागरं बुजवून बिल्डिंगी उठत होत्या, आणि त्यांच्या भिंतींना छिन्नीनं खाचा मारून वायरींचे पाइप बसवायला स्वस्तातले हात लागत होते. लवूचे हात त्यातलेच. त्याच हातांनी तो वायरमन झाला, परवाना काढला आणि शेवटी भाईंदर पश्चिमेला एका खासगी टेक्निकल क्लासात मास्तर झाला. मिरा रोडच्या ज्या शांती नगरात खाचा मारल्या, तिथेच वन रूम किचन घेतलं. मिस्त्रीचा सर झाला म्हणून गावाकडे चुलत्यानं पेढे वाटले होते.

घड्याळ त्याला शाळेनं शिकवलं नाही, नळानं शिकवलं. बिल्डिंगला पाणी सहा वीसला यायचं आणि सात पाचला जायचं. मधल्या पंचेचाळीस मिनिटांत ज्याचे ड्रम भरले तो शहाणा, ज्याचे राहिले तो दिवसभर शेजाऱ्यांच्या दारात बादली घेऊन. अशा पाण्यावर वाढलेला माणूस वेळेला देव मानणारच. क्लास आठचा. आठ वाजले की लवू आतून कडी लावायचा. आठ वाजून एक मिनिटानं आलेलं पोर बाहेर. “नळ थांबतो का तुझ्यासाठी?” एवढंच विचारायचा.

भाईंदरच्याच समुद्रकाठच्या डोंगरीहून एक पोरगा यायचा, स्वप्नील. हात असा, की तारेचं टोक त्याच्या बोटात आपणहून वळायचं. पण तिकडून येणारी बस यायची तेव्हा यायची. ती कधी येणार ते तिच्या ड्रायव्हरलाही विचारायची सोय नव्हती. अकरा वेळा कडीबाहेर राहिला. मग यायचा बंद झाला. लवूनं हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ ओढली.

पुढे पोरं घटत गेली. चाळीसची पंचवीस झाली, पंचवीसची नऊ. मालक म्हणाला, “शिगवण, नऊ पोरांवर भाडं निघत नाही.” क्लासला टाळं लागलं. आज तिथे जिम आहे. लवूनं सगळ्यांना एकच सांगितलं, आजकालच्या पोरांना शिस्त नको. तो म्हणाला आणि आपण सगळ्यांनी मान डोलावली, कारण हे वाक्य आपल्यालाही आवडतं.

पाच महिने तो घरात बसला. सोसायटीचा पंप दुरुस्त कर, कोणाची बेल लावून दे. पन्नाशी उलटलेला माणूस घरात बसला की भिंतीलाही जड होतो. एक दिवस वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन जिन्यात थांबल्या.

“लवूभाई, घरमां बेठा बेठा शुं करो छो? मेरे मामा लोग का ट्रस्ट है आफ्रिका में, टांझानिया. लडके-लडकियों को वायरिंग सिखाने का है. दस महिना. जाओगे?”

“हंसाबेन, मला कुठे तिकडची भाषा येते?”

“हमको मराठी आती थी क्या? आ गई ना!”

मागाहून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. आधीचा मास्तर अर्ध्यात सोडून आला होता, त्याच्या बॅचला परीक्षाच देता आली नव्हती. आताच्या नव्या बॅचची चौदा पोरं सरकारी परीक्षेला बसली नाहीत, तर ट्रस्ट वायरिंगचा वर्ग कायमचा बंद करणार होता. ते ऐकून लवूनं ठरवलं. एक वर्ग आपल्या डोळ्यांदेखत बंद पडला, दुसरा पडू द्यायचा नाही. पगाराचा आकडा त्यानं नंतर विचारला.

दार-ए-सलामपासून बसनं पाच तासांवर, समुद्रकाठचं लहानसं गाव. बसमधून उतरला तर समोर काजूची झाडं. लवूला वाटलं, च्यायला, एवढं विमानात बसून आपण परत संगमेश्वरलाच आलो की काय. शाळा म्हणजे दोन लांबट खोल्या, पत्र्याचं छप्पर, फाटकाशी एक म्हातारा रखवालदार. त्याला सगळे मझे सालुम म्हणत. मझे म्हणजे आपल्याकडचं आजोबा, बाबा. उमर सगळी गुजराती पेढीवर गेलेली, त्यामुळे मोडकंतोडकं गुजराती बोलायचा. मिरा रोडला राहून लवूलाही मोडकंतोडकं येत होतंच. दोघांची भाषा तिसऱ्याच कोणाचीतरी, पण काम भागायचं.

पहिल्या दिवशी आठला वर्गात दोन मुलं होती. साडेआठला पाच. साडेनवाला अकरा. बाकीची तिघं चहाच्या वेळेला हसत आली आणि वाकून म्हणाली, “शिकामू, म्वालिमू.” म्वालिमू म्हणजे गुरुजी, आणि शिकामू हा मोठ्या माणसाला करायचा नमस्कार. त्याला ‘मराहबा’ असं उत्तर द्यायचं असतं, हे सालुमनं आदल्या दिवशी शिकवलं होतं. लवूनं उत्तर दिलं नाही. मनगटावरचं घड्याळ त्यांच्या नाकासमोर धरलं.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं कडी लावली.

भाईंदरला कडी लावली की बाहेर आरडाओरड व्हायची, कोणी दार वाजवायचं, कोणी शिवी घालून निघून जायचं. इथे काहीच झालं नाही. पोरं काजूखाली जाऊन बसली. दहा वाजता लवूनं दार उघडलं तर सगळी तशीच बसलेली, आणि उठून परत, “शिकामू, म्वालिमू.” ना राग, ना लाज. राग आला असता तर त्याला भांडता तरी आलं असतं. दमून गेला तो. रोज आत सहा पोरांना एकदा शिकवायचं, मग दहाला बाहेरच्या आठांना तेच पहिल्यापासून. संध्याकाळी खोलीवर आला की गुडघे धरून बसायचा. भात शिजवायचंही जिवावर यायचं. केळी खाऊन आडवा व्हायचा.

“अहो, कसं चाललंय?” बायको, सुगंधा, फोनवर विचारायची.

“आठचे साडेनऊ करतात. सांगून सांगून तोंड दुखलं.”

“मग?”

“मग काय, कडी लावतो.”

“तिकडं पण कडी? अहो, दाराबाहेर बसून वायरिंग कोणाला आलंय का आजवर?”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला नळाचं कळतं. पाणी गेल्यावर नळाला शिव्या घालून ड्रम भरत नाही, एवढं कळतं.” असं बोलून ती फोन ठेवायची. सुगंधाची ही जुनी खोड, शेवटचा खिळा ठोकून मगच उठायचं.

वर्गात झुहुरा नावाची मुलगी होती. वीस-एकवीसची, सगळ्यांत हुशार. बोर्डाची जोडणी एकदा दाखवली की दुसऱ्यांदा सांगायला लागायचं नाही. पण सगळ्यांत उशिरा तीच. सव्वादहा, कधी साडेदहा. आणि राहायची कुठे, तर लवूच्या खोलीमागच्या तिसऱ्या घरात! नऊ मिनिटांची वाट. लवूनं स्वतः घड्याळ लावून चालून बघितली होती. मान खाली, पाय उचल, नऊ मिनिटं. ही पोरगी दोन तास करते काय?

तीन महिने झाले. लवूनं हिशोब मांडला. याच चालीनं गेलं तर परीक्षेआधी निम्मासुद्धा अभ्यासक्रम उरकत नव्हता. हाही वर्ग बंद पडणार. त्या दिवशी झुहुरा पावणेअकराला आली, आणि लवूनं तिच्यासमोर हजेरीपट उघडून तिच्या नावापुढे रेघ ओढली. स्वप्नीलच्या नावापुढे ओढली होती, तशीच. तिनं पिशवीतून आपला टेस्टर काढून टेबलावर ठेवला, वाकून निरोप घेतला आणि गेली.

संध्याकाळी सालुम फाटकाला कुलूप लावता लावता म्हणाला, “भाई, काले मारी साथे चालजो.” उद्या सकाळी माझ्याबरोबर चाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच म्हातारा खोलीच्या दारात हजर. निघाले. पहिल्या घरापाशी सालुम थांबला. ओट्यावर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. त्यानं तिला विचारलं, सकाळ कशी, घर कसं, गुडघा कसा, मुलगा बोटीवरून आला का. तिनं एकेकाचं सावकाश उत्तर दिलं, मग तिनं त्याला तेवढंच विचारलं. लवू घड्याळ बघत उभा. म्हातारीनं लवूकडे बोट करून काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?”

सालुम हसला नाही. “म्हणते, हा माणूस तीन महिने रोज माझ्या दारावरून पळत जातो. याच्या घरी रोज कोणी मरतं का?”

लवूनं घड्याळाचा हात खाली घेतला. सालुम सांगत गेला.

“इथे मयताला जाणाराच न विचारता पुढे जातो. त्याला माफ असतं. म्हणून ती रोज झुहुराला अडवते. तुझ्या गुरुजीचं कोण गेलं? आजारी आहे का? आमच्यावर रागावलाय का? ती पोरगी उभी राहून सांगते, नाही आजी, गुरुजी चांगले आहेत, लांबून आलेत, त्यांची बायको तिकडे आहे, त्यांना काळजी असते. मग आजी तुझ्या बायकोचं विचारते.”

पुढचं घर. तिथेही तेच. त्याच्यापुढे मासे सुकवणारा, मग सायकलवाला, मग मशिदीच्या पायरीवरचे दोन म्हातारे. प्रत्येकाला लवूबद्दल काही ना काही विचारायचं होतं, आणि तीन महिने प्रत्येकाला झुहुरानं उत्तरं दिली होती. नऊ मिनिटांची वाट त्या दिवशी एक तास वीस मिनिटांनी संपली. लवू पुढून घाई करत गेला, आणि मागून येणारी पोरगी त्याच्या घाईची दारोदार माफी मागत आली. तिचा उशीर तिचा नव्हताच. तो लवूचा होता. बाकीची पोरंही थोडीफार त्यातच अडकत होती.

शाळेच्या फाटकाशी लवू खाली बसला. गुडघे दुखत होते म्हणून, असं त्यानं सालुमला सांगितलं. पण डोक्यात डोंगरीची बस आली होती. स्वप्नील का उशिरा येतो, हे बावीस वर्षांत एकदाही त्यानं विचारलं नव्हतं. नऊ पोरं का उरली, तेही नाही.

झुहुराच्या घरी तो त्याच दिवशी गेला. टेस्टर दोन्ही हातांनी परत दिला. काय बोलायचं ते येत नव्हतं. तिकडच्या भाषेचे चाळीसएक शब्द आलेले, तेवढ्यात माफी कशी मागणार? त्यानं विचारलं, घर कसं, आई कशी. झुहुराची आई आतून आली, आणि बसायला चटई टाकली. तिथे दीड तास गेला. लवूनं घड्याळ बघितलं नाही असं नाही, दोनदा बघितलं. पण उठला नाही.

आता तुम्हाला वाटेल, झालं, माणूस सुधारला, शिट्टी वाजवत चालायला लागला. छे! त्याला ते सगळं जड गेलं. खोलीवरून सहाला निघायचं, प्रत्येक दाराशी थांबायचं, तेच प्रश्न, तीच उत्तरं, तोंडावर हसू. वर्गात पोचेपर्यंत अर्धा जीव गेलेला असायचा. कधी कधी वाटायचं, वायरिंग शिकवायला आलोय की मतं मागायला? पण पोरं पावणेनवापर्यंत वर्गात यायला लागली, चौदाही. आठला कधीच नाही. लवूनं कडी काढून खिडकीत ठेवली आणि सुटीची वेळ पुसून टाकली. उजेड असेपर्यंत वर्ग. पोरंही ‘घरी जायची वेळ झाली’ असं कधी म्हणाली नाहीत. वेळ त्यांची अशी कोणाच्या मालकीचीच नव्हती.

परीक्षक सोमवारी येणार होता. बुधवारी आला. दोन दिवस चौदा पोरं आणि लवू काजूखाली बसून. भाईंदर असतं तर लवूनं चार ठिकाणी फोन करून आकाशपाताळ एक केलं असतं. बुधवारी जीप आली तेव्हा तो उठला आणि त्यानं परीक्षकाला विचारलं, घर कसं, रस्ता कसा होता. परीक्षक वाटेतल्या खचलेल्या पुलाचं वीस मिनिटं सांगत बसला. मग परीक्षा झाली. बारा पोरं पास झाली, दोघांना पुन्हा बसायला सांगितलं. झुहुरा पहिली.

हंसाबेननी फोन केला. “लवूभाई, मामा बोले, वर्ग चालू रहेगा. वो लडकी को ही छोटी टीचर रखेंगे.”

म्हणजे लवूला पुन्हा बोलावणं नव्हतं. त्यानं ते ऐकलं, बरं म्हणाला. वर्ग वाचला होता; त्यासाठीच तर गेला होता.

परत आला, तेव्हा शांती नगरात सगळं जिथल्या तिथे होतं. पण तिसऱ्याच दिवशी घोटाळा झाला. वॉल्व्ह उघडायला खाली गेलेला लवू तळमजल्यावरच्या बबनकाकांना ‘घरी कसं?’ विचारून बसला. बबनकाकांना गेल्या सहा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. ते ऑपरेशनपासून सुरू झाले. सात पाच झाले. वरून सुगंधाचा आवाज आला, “अहो! एक ड्रम नाही भरला! दहा महिने बाहेर काय राहिलात, नळ विसरलात?”

“बबनकाकांशी बोलत होतो.”

“मग आंघोळ पण त्यांच्याकडेच करा आज!”

वॉचमनलाही तेच विचारलं, तर तो म्हणाला, “बोलो ना काका, काम क्या है?” दूधवाला म्हणाला, “काका, छुट्टा है क्या?” कोणाला वाटलं लवूला काहीतरी हवंय, कोणाला वाटलं तिकडून डोक्यावर परिणाम होऊन आला. आठवडाभरात तो थकला. दोन्हीकडच्या घड्याळांनी दमवलेला माणूस. तिकडे घाईमुळे परका, इकडे सवडीमुळे.

एका सकाळी त्यानं जुना हजेरीपट काढला आणि भाईंदरहून डोंगरीची बस धरली. बस पन्नास मिनिटं उशिरा आली. तेवढा वेळ तो स्टॉपवर उभा होता, आणि त्या पन्नास मिनिटांत त्याला स्वप्नीलच्या त्या अकरा सकाळी दिसल्या.

स्वप्नील सापडायला वेळ लागला नाही. तिशीचा झालेला, दाढी राखलेली, टेम्पोत बर्फाच्या लाद्या चढवत होता. मासळीसाठी लागतो तो बर्फ. त्यानं वर बघितलं आणि लादी हातातच राहिली.

“सर? तुमी? हिकडे?”

“तुझ्याकडंच आलो. घरी कसं?”

स्वप्नीलनं त्याच्याकडे असं बघितलं, की याला ऊन लागलं असावं. “बरा हाय.”

“आई?”

“हाय. सर, काय काम हाय का?”

“काम नाही. ती कडी...” लवूला पुढचं वाक्य जुळेना. बसमध्ये सगळ्या वाटेनं घोकत आलेलं वाक्य. “तुला अकरा वेळा बाहेर ठेवला मी. का उशीर होतो ते विचारलं नाही.”

स्वप्नीलनं लादी टेम्पोत ठेवली, वर भुसा टाकला. हात पँटला पुसले.

“सर, बाराव्या वेली कडी उघडी होती. तुमी फोनवर होता. सव्वाआठ झाले होते. मी जिन्यात उभा होतो, दार उघडा दिसत होता.” तो थांबला. “मीच आत न्हाय आलो. वाटला, आता आत जाऊन तरी काय.”

लवूनं हजेरीपट काखेत मारला.

“जातो सर, बर्फ वितलतोय.” टेम्पो सुरू झाला. दहा पावलांवर थांबला, आणि स्वप्नीलनं मान बाहेर काढली. “बोर्डाचा काम मी घरचा घरी करतो सर. पण अर्थिंग बराबर होत न्हाय.” आणि गेला.

परतीच्या बसला सव्वा तास लागला.

आता शांती नगरात, बिल्डिंगच्या पंपाच्या खोलीशेजारी एक रिकामी खोली आहे. लवूनं तिथे फळी ठोकून चार बोर्ड लावलेत. सेक्रेटरीनं विचारलं, “शिगवण, क्लासचा टाइम काय लिहू नोटिशीवर?” लवू म्हणाला, “रविवार लिहा. नुसतं रविवार.” नोटिशीची एक प्रत तो डोंगरीच्या बसस्टॉपवरही चिकटवून आला. गेले तीन रविवार तो सकाळपासून तिथे बसतो. सुगंधा डबा आणून देते आणि टोमणा मारून जाते, की विद्यार्थी कमी, डासच जास्त आहेत. पहिल्या रविवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी बबनकाका आले, गप्पा मारायला. तिसऱ्या रविवारी दुपारी अडीचला बर्फाचा एक टेम्पो फाटकाशी थांबला, दोन मिनिटं थांबला आणि आत न येता गेला. लवू खुर्चीतून उठला होता, परत बसला.

दाराला कडी नाही. त्यानं स्वतः उपटून काढली आहे, भोकं अजून दिसतात.

तेव्हा एक काम करा. कोणी कधीतरी तोंडावर दार लावलं म्हणून शिकायचा राहून गेलेला एखादा माणूस तुमच्या ओळखीत असेलच. त्याला रविवारी शांती नगरात लवू शिगवणकडे पाठवा. फाटकापर्यंत येऊन परत जायला लागला, तर हाताला धरून आत सोडा. कितीही उशीर झाला असला तरी पाठवा.